मंदार, काकू तक्रार करत नाहीत

मंदार,

तुला शेवटचं भेटायला आलेली माणसं खाली गेटवर अडकून पडली होती, हे तुला सांगायलाच हवं. गुरुग्रामच्या तुमच्या सोसायटीचं ते ॲप! पाहुणा आला की गार्ड त्याचं नाव टाकतो, घरमालकाच्या फोनवर घंटी वाजते, आणि त्याने 'हो' म्हटलं तरच पाहुणा आत येतो. घरमालक तू. आर. के. पुरमहून आलेल्या आपल्या जुन्या शेजाऱ्यांना गार्ड सांगत होता, "साहब अप्रूव नहीं कर रहे." आणि साहेब वर हॉलमध्ये पांढऱ्या चादरीखाली. शेवटी कुणीतरी तुझा फोन माझ्या हातात कोंबला. त्याचं लॉक मला पाठ होतं. मी कोपऱ्यात बसून एकेकाला आत घेत राहिले, आणि दर वेळी पडद्यावर उमटत राहिलं, 'मंदार यांनी परवानगी दिली आहे.'

रडता रडता मला हसू फुटलं. काहीही विचित्र घडलं की आधी तुला सांगायचं, ही सवय इतकी जुनी की मी खरंच मान वळवून तुझ्याकडे बघितलं.

आलेली माणसंही आपलीच. चपला काढता काढता देशपांडेकाका म्हणाले, "अरे, पार्किंगच नाही यार तुमच्याकडे." त्यांच्या मागून कुणी लिफ्टला शिव्या देत आलं, कुणी टोलनाक्याला. मग तुझ्याकडे बघून सगळे एकदम गप्प झाले आणि हात जोडून उभे राहिले. तू असतास तर त्यांना गप्प बसू दिलं नसतंस. देशपांडेकाकांना खुर्ची दिली असतीस, समोर मांडी ठोकली असतीस आणि विचारलं असतंस, "काका, नीट सांगा. कुठे कुठे फिरलात? मग गाडी शेवटी लावलीत कुठे?"

लोक भेटल्यावर 'कसे आहात' विचारतात. तू विचारायचास, "आज कशाने डोकं फिरलं?" अनोळखी माणसालासुद्धा. माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांनासुद्धा. ते आधी बिचकले, मग त्यांनी तुला बँकेतल्या नव्या मशीनबद्दल असं काही ऐकवलं की चर्चमधून सगळे जेवायला निघाले तरी तुम्ही दोघं मागच्या बाकावरच. घरी आल्यावर ते म्हणाले, "तो तुझा मित्र फार समजूतदार मुलगा आहे हं." तू त्यांना काहीही समजावलं नव्हतंस, नुसतं ऐकलं होतंस. तेव्हा मला याचं नवल वाटलं नाही, आता वाटतं.

आपण एकाच जिन्यातले. आमचे पप्पा एका मंत्रालयात, तुझे बाबा दुसऱ्या. दिवाळीला तुमच्याकडच्या करंज्या आमच्याकडे, नाताळला आमच्याकडच्या तुमच्याकडे, आणि दोन्ही वेळा काकूंचं, म्हणजे तुझ्या आईचं, एकच वाक्य, "या दिल्लीच्या रव्याला चवच नाही." उन्हाळ्यात पहाटे उठून बादलीबादलीने कूलर भरायचा हा आपल्या जिन्यातला रोजचा जाच. तो तुला सहन झाला नाही. तू नळाला प्लॅस्टिकची नळी लावलीस, ती खिडकीतून कूलरपर्यंत नेलीस आणि मग जिन्यातल्या प्रत्येक घरात तशी बसवून दिलीस. एक नळी निसटली आणि खालच्या मजल्यावरच्या गाद्या भिजल्या. काकू तुझ्यामागे लाटणं घेऊन धावल्या होत्या. पण गाद्या वाळल्यावर खालच्या काकी स्वतः येऊन म्हणाल्या, "मंदार बेटा, हमारे यहाँ भी लगा दो." त्या दिवशी तुझा चेहरा बघण्यासारखा होता. तुझा धंदा तिथेच ठरला असं मला वाटतं.

पुढे तू त्यालाच शास्त्र बनवलंस. चांगली नोकरी सोडलीस, मेट्रोच्या गर्दीत आणि शेअर-ऑटोच्या रांगेत उभा राहायला लागलास. आमच्यासारख्या पगारी माणसांना तू रिकामटेकडा वाटायचास. तू म्हणायचास, "विनू, बसून सुचलेल्या आयडियाला काही अर्थ नाही. चिडलेला माणूस शोधायचा. चिडला की माणूस खरं बोलतो." तरी नुसत्या चिडण्यावर तू कधी विसंबला नाहीस. त्याचं सगळं ऐकून घेतल्यावर तुझा पुढचा प्रश्न ठरलेला असायचा: मग तुम्ही काय केलंत? 'काय करणार' असं उत्तर आलं की तू मनातल्या मनात ती तक्रार सोडून द्यायचास. पण कुणी म्हणालं की मी घराकडे यायचा रस्ता स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवलाय, प्रत्येक कॅबवाल्याला तोच पाठवतो, की तुझे डोळे चमकायचे. ज्याने त्रासावर काहीतरी वेडंवाकडं का होईना पण केलंय, तोच उद्या त्यासाठी पैसे देईल, हे तुझं गणित. मला ते पटायचं. म्हणून तर मसाल्यात तुझ्याबरोबर मीही बुडाले.

आठवतो ना मसाला? तुला आठवण करून द्यावी लागणार नाही, तू तो विषय निघाला की पाणी प्यायला उठायचास. गणपतीच्या कार्यक्रमात बघावं तिथे एकच रडगाणं: दिल्लीत गोडा मसाला मिळत नाही, भाजणी मिळत नाही, आमसुलं मिळतात ती कसली तरी. तू प्रत्येकाला तुझा प्रश्न विचारलास. प्रत्येकाने एकच उत्तर दिलं: पुण्या-मुंबईहून कुणी येत असलं की मागवतो. तुझ्या शास्त्राप्रमाणे सगळं जुळत होतं. त्रास होता, त्यावरचा जुगाड होता, गिऱ्हाईक तर घरचंच. तू पुण्याला गेलास, तुझी मावशी जिथून मसाला घेते त्याच बाईंकडे मसाल्याची आणि भाजणीची ऑर्डर देऊन आलास. मी ऑफिस सुटल्यावर तुमच्या घरी पुड्या भरायला बसायची. माझे केस, माझी पर्स, माझा ऑफिसचा लॅपटॉप, सगळ्याला दगडफुलाचा वास. पहिल्या खेपेला लोकांनी कौतुकाने घेतलं. दुसऱ्या खेपेला कुणी फोन उचलेना.

आणि त्याच आठवड्यात तुझा मावसभाऊ प्रसाद कामासाठी दिल्लीला आला, तेव्हा त्याच्या बॅगेतून काकूंनी मागवलेला गोडा मसाला निघाला. तू बघतच राहिलास.

"आई, अगं घरात पोती भरून मसाला आहे! तोच आहे! त्याच बाईंचा!"

"तो तुझा कुरिअरने आलेला," काकू शांतपणे डबा उघडत म्हणाल्या. "हा माझ्या ताईने आठवणीने पाठवलाय."

त्यानंतर आपण सगळा हिवाळा थालीपीठ खाल्लं. कोपर्निकस मार्गावरच्या मराठी कँटीनमध्ये जेवायला गेलो तेव्हा तिथे आयतं थालीपीठ समोर आल्यावर तू ताट मागे सारलंस, ते बघून मी ठसका लागेपर्यंत हसले. तिथेच आपला वाद सुरू झाला. मी म्हणाले, "काही तक्रारी सोडवायच्या नसतात मंदार. 'इथे मसाला मिळत नाही' हे आपल्या लोकांचं गप्पा मारणं आहे. त्या निमित्ताने कुणी कुणाला 'येताना आण' म्हणतं, कुणी आणतं. तू ते निमित्तच काढून घ्यायला निघालास." तू मान हलवलीस. "बिल्कुल नाही. आपण चुकीची तक्रार ऐकली, एवढंच. बरोबर ऐकली असती तर तोडगा निघाला असता. तोडगा नाही अशी तक्रारच नसते." हा वाद तू कधी सोडला नाहीस आणि मीही सोडला नाही. आपली निम्मी मैत्री त्या वादावर चालली.

धंद्यात तुला पहिलं यश मिळालं ते काकूंमुळेच. बाबा गेल्यावर तू त्यांना गुरुग्रामच्या उंच इमारतीत आणलंस. दिवसभर त्या एकट्या, आणि दिवसभर फोन: गेटवर माणूस आलाय, ओटीपी सांगा, हिंदीसाठी दोन दाबा. एकदा रात्रीच्या जेवणाला मी तुमच्याकडे होते. त्या तणतणत होत्या आणि तू वरण कालवता कालवता सवयीने विचारलंस, "मग तू काय करतेस, आई?"

"काय करणार? विनूला फोन करते."

तू घास खाली ठेवलास आणि माझ्याकडे बघितलंस. खरंच होतं ते. मी मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन धरून "काकू, आता दोन दाबा, हं, आता हिरवं बटण" असं कुजबुजत असायची. माझ्या साहेबांना वाटायचं माझ्या घरी कुणी आजारी आहे.

त्यातून आपली फोनची सेवा उभी राहिली. म्हाताऱ्या माणसाने एक नंबर फिरवायचा, पलीकडे त्याच्या भाषेत बोलणारं जिवंत माणूस. मी नोकरी सोडली. घरच्यांना वाटलं, मसाल्याने हिचं डोकं ठिकाणावर आलं नाही. पण या वेळी चाललं. सरकारी वसाहतींमध्ये वाढलेल्या आपल्यासारख्या मुली शोधल्या, कुणी मराठी, कुणी बंगाली, कुणी तमीळ. एखाद्या आजींचा जुना शब्द अडला की अजूनही मला हाक मारतात. हे सगळं तुझं आहे मंदार. लोकांच्या चिडण्याकडे सगळे पाठ फिरवतात आणि तू खुर्ची ओढून बसतोस, हे बघतच मी मोठी झाले. तुला मी हे कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू "चलो चलो, काम कर" म्हणाला असतास, तरीही म्हणायला हवं होतं.

मग गेल्या वर्षभरात आपला जुना वाद नव्या कपड्यांत परत आला. ज्या फोनमध्ये काही कामच नाही, ते फोन. आजी फोन करतात, दुधवाल्याला नावं ठेवतात, सुनेला ठेवतात, हवेला ठेवतात, आणि "बरं बाई, ठेवते" म्हणून ठेवतात. तुला ते खुपायला लागलं. त्या संध्याकाळी आपण तुझ्या गाडीत होतो, टोलनाक्याजवळच्या नेहमीच्या जाममध्ये.

"ज्या फोनमध्ये काम नाही, तो आपण घ्यायचा कशाला?" तू म्हणालास.

"त्या त्याचसाठी फोन करतात, मंदार."

"मग आपण विकतो काय? सांग ना. तुझं बरोबर असेल तर आपला धंदा काय आहे, तेच मला कळत नाही."

मला राग आला. मेट्रो स्टेशनला उतरताना मी दार आपटलं. "दार हळू लाव, यार," तू म्हणालास. तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं हेच. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन काकूंचा आला, आणि कोणतं बटण दाबू, असं त्यांनी मला विचारलं नाही.

तुला जाऊन अजून महिना झालेला नाही. आता जे सांगते आहे त्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

काकू तक्रार करत नाहीत.

तुझी आई! जिने उभ्या आयुष्यात दिल्लीतला एकही चहा नाव न ठेवता प्यायला नाही! मी साखर विसरले, तरी "ठीक आहे" म्हणाल्या. स्वयंपाकाच्या बाईने तुरीच्या डाळीऐवजी मुगाची केली, "ठीक आहे." आधी वाटलं, दुःख आहे, होईल. मग मला भीती वाटायला लागली. मी तुझ्या पद्धतीने कामाला लागले. गेटच्या ॲपमधून तुझं नाव काढून माझं घातलं. बाल्कनीचं करकरणारं दार दुरुस्त करून घेतलं. टीव्हीवर त्यांची चॅनेल्स लावून दिली. प्रत्येक वेळी त्या "बरं" म्हणाल्या आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. आता दुरुस्त करायला घरात काही उरलं नाही, आणि त्या आणखीच गप्प झाल्या.

अशात प्रसाद आला. चांगला मुलगा आहे, मनापासून म्हणाला, "मावशी, पुण्याला चल. आई वाट बघतेय. आयुष्यभर म्हणत आलीस ना, या दिल्लीत माणसाने राहू नये? आता नेतोच तुला." आणि त्याचं काय चुकलं? काकूंची ही तक्रार आपण शाळेत असल्यापासूनची आहे. हवा, पाणी, रवा, माणसं, सगळ्याचा शेवट तिथेच व्हायचा. त्याने सरळ तोडगा काढला. तूही तोच काढला असतास.

"ठीक आहे, जाऊ," काकू म्हणाल्या.

प्रसादने शुक्रवारची तिकिटं काढली. त्याला वाटलं, त्यांना हायसं वाटलं. मला वाटत होतं, याच आवाजात त्या मुगाच्या डाळीलाही 'ठीक आहे' म्हणाल्या होत्या. पण मी कोण सांगणार? मी ना मुलगी, ना सून. आणि खरं सांगू, मलाही खात्री नव्हती. वाटलं, पुण्यात बहीण आहे, भाषा आहे, गेटवर दोन दाबावं लागत नाही. जिवंतपणी तुझ्याशी इतकं भांडले, आणि तू नसताना तुझीच बाजू मला बरोबर वाटायला लागली.

काल त्यांची बॅग भरायला गेले. प्रसाद बँकेच्या कामासाठी बाहेर गेला होता. आम्ही साड्या लावत होतो, तेवढ्यात शेजारचे खुराना अंकल आले. बसले, डोळे पुसले, आणि बोलता बोलता म्हणाले, "चार-पाच दिन से ऍसिडिटी बोल रहा था. मुझसे गोली ले जाता था. मैंने कहा दिखा ले. बोला, अंकल, आपके घुटने का बताओ."

ते गेल्यावर मी दार लावून वळले. काकू पलंगावर बसल्या होत्या, मांडीवर अर्धी घडी घातलेली साडी.

"चार-पाच दिवस," त्या म्हणाल्या. "चार-पाच दिवस याच्या छातीत दुखत होतं."

मी पलंगाजवळ गेले.

"सगळ्या दिल्लीचं ऐकत फिरत होता मेला! त्या खुरानाचे गुडघे, याचं पार्किंग, त्याची मेट्रो! घरी आल्यावर मला रोज विचारायचा, आई, आज कशाने डोकं फिरलं? आणि स्वतःचं? स्वतःचं आईला सांगायला काय झालं होतं? मी कोण त्याची? शेजारच्या माणसाकडून गोळ्या घेतो, आणि आईला म्हणतो भूक नाही!"

आवाज चढला होता. तो चढलेला आवाज मी किती दिवसांनी ऐकत होते! माझ्या तोंडाशी शब्द आले होते, काकू, त्याला तुम्हाला घाबरवायचं नसेल, काकू, त्यालाही कळलं नसेल. खरं असेल तेही. पण मी ते गिळलं आणि जमिनीवर, त्यांच्या पायांशी बसले. त्या बोलत राहिल्या. तू लग्न केलं नाहीस इथपासून सुरुवात झाली. तू ओला टॉवेल पलंगावर टाकायचास, चांगली नोकरी सोडलीस, माझा संसार असताना मलाही नोकरी सोडायला लावलीस. मला म्हणाल्या, "आणि तू पण तसलीच! बाल्कनीचं दार कुणी सांगितलं होतं दुरुस्त करायला? ते वाजलं की मला कळायचं तो सिगारेट ओढायला गेलाय." मग त्या रडल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदा रडल्या, मंदार. मीही रडले, आणि मध्येच आम्ही दोघी तुला शिव्या देत होतो.

अंधार पडायला लागला तेव्हा त्यांनी नाक पुसलं आणि मांडीवरच्या साडीकडे नवल वाटल्यासारखं बघितलं.

"आणि मी पुण्याला जाऊन काय करू, गं?" त्या म्हणाल्या. "तिथे दिल्लीला नावं ठेवली तर कुणाला कळणार आहे? ताईला सगळंच छान वाटतं. प्रसादला फोन लाव, तिकिटं रद्द कर म्हणावं. विचारलं होतं का मला कुणी?"

विचारलं होतं आणि त्या हो म्हणाल्या होत्या, पण मी फोन लावला. प्रसाद बिचारा गडबडला. म्हणाला, "पण मग मावशीला नक्की हवंय काय?" तूही त्या दिवशी गाडीत मला जवळपास हेच विचारलं होतंस, आणि मी उत्तर न देता उतरले होते. मीही तुला रोज फोन करत आले. त्यातल्या किती फोनमध्ये काम होतं, सांग? तू एकही ठेवून दिला नाहीस. तोडगा काढायचास, तो मी कधी ऐकायची नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करायची. इतकी वर्षं तू हे करत होतास, फक्त त्याला तू काम समजत नव्हतास.

निघताना काकू दारापर्यंत आल्या. चहा आज नुसता पाणी होता म्हणाल्या. लिफ्ट येईपर्यंत लिफ्टलाही बोलल्या. दार मिटता मिटता त्यांनी हात मध्ये घालून ते थांबवलं.

"उद्या लवकर ये," त्या म्हणाल्या. "माझं अजून झालेलं नाही."